मोटरसायकलचे कुलूप आणि एक जुनी पैज

महाराष्ट्रातल्या साध्या मध्यमवर्गीय कुटुंबात राहते घर सोडले, तर सर्वांत महागाची वस्तू बहुधा मोटरसायकल असते. हप्ते फेडत फेडत ती घेतलेली असते. घरोघर दूध घालणारा, विम्याचा एजंट, दोन गावे ओलांडून रोज शाळेत जाणारा शिक्षक यांच्या दृष्टीने तर ती रोजीरोटीच. दागिने आपण डब्यात, डबा कपाटात आणि कपाट कुलूपबंद घरात ठेवतो. मोटरसायकल मात्र रात्री जिन्याखाली नाही तर गल्लीत, आणि दिवसा एस. टी. स्टँडबाहेर किंवा बाजारात शेकडो अनोळखी माणसांच्या हाताशी उभी असते. तिच्या रक्षणाची सारी भिस्त आपल्या खिशातल्या चार-पाच सेंटिमीटर लांबीच्या एका पितळी किंवा पोलादी पट्टीवर असते.

ही पट्टी नेमके काय करते? आणि तिच्यावर किती विसंबावे? या प्रश्नांची उत्तरे शोधताना आपल्याला मोटरसायकलच्या जन्माच्याही मागे जावे लागते.

आधी त्या कुलपाच्या आत डोकावू. मोटरसायकलच्या कुलपात साधारणतः पातळ पत्र्याच्या काही चकत्या एका दंडगोलात ओळीने बसवलेल्या असतात. किल्ली नसताना स्प्रिंगच्या दाबाने त्या दंडगोलाच्या बाहेर डोकावतात आणि त्याला फिरू देत नाहीत. योग्य किल्ली आत गेली की तिच्या प्रत्येक दात्याने एकेक चकती बरोबर हवी तेवढीच सरकते, सगळ्या चकत्या दंडगोलाच्या पोटात जातात आणि कुलूप फिरते. समजा, अशा सहा चकत्या आहेत आणि प्रत्येकीच्या उंचीचे चार प्रकार आहेत. मग वेगवेगळ्या किल्ल्या किती होतील? ४ × ४ × ४ × ४ × ४ × ४, म्हणजे ४,०९६. आकडा बरा वाटतो, पण त्याच बनावटीच्या गाड्या लाखांनी विकल्या जातात. पारव्यांपेक्षा खुराडी कमी असली की एखाद्या खुराड्यात दोन पारवे येणारच, हे गणितातले साधे तत्त्व इथे लागू पडते. एकाच शहरात तुमच्या किल्लीची जुळी भावंडे अनेक असणार. त्यात वर्षानुवर्षांच्या वापराने दाते आणि चकत्या झिजलेल्या. आपली किल्ली चुकून दुसऱ्याच्या स्कूटरला लावावी आणि ती सुखाने फिरावी, हा अनुभव बऱ्याच जणांच्या गाठी असेल. त्यात चमत्कार काही नाही.

कुलपाचे बळ असे गुणाकारात असते. चकत्या वाढवा, उंचीचे प्रकार वाढवा, गुणाकार भराभर फुगतो. सात चकत्या आणि दहा प्रकार असतील तर एक कोटी किल्ल्या होतात. एवढ्या किल्ल्या घेऊन कोणता चोर येणार? कुलूप बनवणाऱ्यांचा या हिशेबावर फार दिवस विश्वास होता. त्याला पहिला जाहीर तडा गेला तो १८५१ साली, लंडनमध्ये.

त्या वर्षी लंडनच्या हाइड पार्कमध्ये काच आणि लोखंड यांच्या एका अवाढव्य मंडपात जगातले पहिले मोठे औद्योगिक प्रदर्शन भरले होते. इंग्लंडची यंत्रविद्या सर्वश्रेष्ठ आहे हे जगाला दाखवणे हा त्यामागचा एक हेतू. इंग्रजांना अभिमान होता अशा वस्तूंत त्यांची कुलुपेही होती आणि त्यांतली दोन विशेष नावाजलेली.

पहिले जोसेफ ब्रामा याचे. हा मोठा कल्पक कारागीर होता. द्रवाच्या दाबावर चालणारा, आपल्या पाठ्यपुस्तकांत येणारा दाबयंत्राचा शोध त्याचाच, १७९५ सालचा. त्याने आपल्या कुलपाचे पेटंट १७८४ मध्ये घेतले. त्याची किल्ली नळीसारखी असे आणि तिच्या टोकाला कमी-अधिक खोलीच्या खाचा असत. किल्ली आत दाबली की प्रत्येक खाच एकेका पट्टीला ठरावीक अंतर मागे ढकलत असे. सगळ्या पट्ट्या योग्य अंतर सरकल्या तरच कुलूप फिरे. लंडनमधल्या पिकॅडिली या रस्त्यावर ब्रामाचे दुकान होते. तिथल्या खिडकीत त्याने असेच एक १८ पट्ट्यांचे कुलूप मांडले आणि शेजारी पाटी लावली: जो हे किल्लीशिवाय उघडील असे हत्यार बनवील, त्याला २०० गिनी रोख. ब्रामा १८१४ साली वारला. पाटी तशीच राहिली.

दुसरे कुलूप चब यांचे. १८१७ साली पोर्टस्मथच्या सरकारी गोदीत खोट्या किल्ल्यांनी चोरी झाली, तेव्हा चोराला दाद न देणाऱ्या कुलपासाठी सरकारने बक्षीस लावले. जेरेमाया चब याने १८१८ मध्ये जे कुलूप सादर केले त्यात एक खास युक्ती होती. आतल्या तरफांपैकी एखादी कोणी गरजेपेक्षा जास्त उचलली की कुलूप अडकून बसे. मालकाने खरी किल्ली लावताच त्याला कळे की आपल्या मागे कोणी तरी खटपट करून गेले आहे. बंदरात नांगरलेल्या तुरुंग-जहाजावर एक कुलूप बनवणारा कैदी होता. त्याला हे कुलूप आणि भरपूर वेळ देण्यात आला. दोन-तीन महिन्यांनी त्याने हात टेकले.

आल्फ्रेड चार्ल्स हॉब्ज हा अमेरिकन गृहस्थ आपल्या कंपनीचे कुलूप मांडायला प्रदर्शनात आला होता. स्वतःचे कुलूप विकायचे तर आधी इतरांची उघडून दाखवावीत, असा त्याचा साधा व्यापारी हिशेब. २२ जुलै १८५१ रोजी वेस्टमिन्स्टरमधल्या एका घरी साक्षीदारांसमोर तो चबच्या कुलपापुढे बसला आणि २५ मिनिटांत त्याने ते उघडले. सात मिनिटांत पुन्हा बंदही केले आणि आत बसवलेली चोर पकडण्याची युक्ती गप्पच राहिली. मग त्याने पिकॅडिलीच्या खिडकीकडे मोर्चा वळवला. ब्रामाचे कुलूप जास्त चिवट निघाले. १६ दिवसांत मिळून ५१ तास काम करून हॉब्जने तेही उघडले. साठ वर्षे खिडकीत बसलेले आव्हान संपले. पंचांनी निकाल दिला आणि कंपनीने कुरकुरत का होईना, २०० गिनी दिल्या. ते कुलूप आज लंडनच्या विज्ञान संग्रहालयात आहे.

हॉब्जने नेमके काय केले? १८ पट्ट्या आणि प्रत्येकीच्या समजा दहाच जागा धरल्या, तरी एकावर १८ शून्ये इतक्या किल्ल्या होतात. सेकंदाला एक किल्ली तपासली तरी विश्वाच्या वयाहून अधिक वेळ लागेल. हॉब्जला लागले ५१ तास. हे कसे झाले ते वर्गात एका खेळाने छान दाखवता येते.

एका विद्यार्थ्याला मनात तीन अंकी संख्या धरायला सांगा. ०००पासून ९९९पर्यंत कोणतीही. दुसऱ्याने ती ओळखायची. पहिल्या डावात फक्त ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ एवढेच उत्तर द्यायचे. वाईट नशीब असेल तर हजार वेळा विचारावे लागेल आणि तास संपला तरी खेळ संपणार नाही. दुसऱ्या डावात प्रत्येक अंकाबद्दल वेगळे उत्तर द्यायचे: पहिला अंक बरोबर, दुसरा चूक, वगैरे. आता पहिल्या अंकासाठी जास्तीत जास्त दहा, दुसऱ्यासाठी दहा, तिसऱ्यासाठी दहा, म्हणजे फार तर तीस प्रश्न. १० × १० × १०चे १० + १० + १० झाले. चोराच्या सगळ्या कसबाचे मूळ यात आहे: कुलपाच्या गुणाकाराची बेरीज करायची.

पण कुलूप काही वर्गातल्या विद्यार्थ्यासारखे बोलत नाही. मग एकेका पट्टीची बातमी बाहेर येते कशी? याला कारण घडणीतली अपरिहार्य उणीव. पट्ट्यांच्या खोबणी कितीही काळजीने कापल्या तरी त्या मिलिमीटरच्या शतांशाने का होईना मागेपुढे असतात. कुलपाला फिरवण्याचा हलका जोर दिला की सगळ्या पट्ट्या एकाच वेळी घट्ट होत नाहीत. एखादी आधी अडकते, बाकीच्या सैल राहतात. अडकलेली पट्टी हळूहळू सरकवत गेले की योग्य जागी तिची पकड सुटते, दंडगोल केसभर फिरतो आणि पाळी दुसऱ्या पट्टीची येते. हॉब्जने ब्रामाच्या कुलपावर असा जोर सतत राहील अशी व्यवस्था केली आणि पट्ट्यांची मापे एकेक करून घेतली. परिपूर्ण घडणीच्या कुलपाला ही युक्ती लागू पडणार नाही. परिपूर्ण घडण मात्र कोणत्याच कारखान्यात होत नाही. प्रयोगशाळेत मोजमाप करणाऱ्या आम्हा मंडळींना हे कोणी वेगळे सांगायला नको.

लंडनच्या वर्तमानपत्रांत यावर मोठे वादळ उठले. कुलपाच्या तंत्राविषयी जे बोलले गेले त्याहून दुसराच वाद मला अधिक महत्त्वाचा वाटतो. हॉब्जने हे सगळे उघड करून चोरांना शिकवणी दिली, असा आरोप त्याच्यावर झाला. पुढे १८५३ साली कुलपांच्या रचनेवर त्याच्या नावाने एक पुस्तक निघाले. चार्ल्स टॉमलिन्सन याने ते संपादित केले होते. त्यात या आरोपाला उत्तर आहे. त्याचा आशय असा: चोर आपल्या धंद्यात तरबेज असतात आणि आपण त्यांना शिकवण्याआधीच त्यांना पुष्कळ काही ठाऊक असते. कुलूप कच्चे असेल तर ते जाणून घेण्याचा हक्क प्रामाणिक माणसाचा आहे, कारण नुकसान त्याचे व्हायचे आहे. गुपित ठेवल्याने माहितीपासून वंचित राहतो तो फक्त ग्राहक.

या वादाचा निकाल व्यवहारात लवकर लागला. हॉब्जने स्वतः लंडनमध्ये कुलुपांचा कारखाना काढला, इंग्रज कारखानदारांनी आपली कुलुपे सुधारली आणि हॉब्जने प्रदर्शनात मांडलेले अमेरिकन कुलूपही अभेद्य राहिले नाही. काही वर्षांतच ते अमेरिकेतल्याच लायनस येल याने उघडून दाखवले. याच येलने १८६१ आणि १८६५ मध्ये पेटंट घेतलेले लहान चपट्या किल्लीचे कुलूप आज आपल्या दारादारांवर आहे. खुंट्या उचलणाऱ्या किल्लीची कल्पना मात्र त्याची नव्हे. प्राचीन इजिप्त आणि मेसोपोटेमियातल्या लाकडी कुलपांत ती होती आणि त्याच्या वडिलांनी १८४८ मध्ये तिला धातूत आणले होते. आपल्याकडे १८९७ साली मुंबईत अर्देशिर गोदरेज यांनी कुलुपे बनवायला सुरुवात केली. आपल्या घरी सात लिव्हरचे कुलूप असेल तर त्यातली तरफांची कल्पना इंग्रजी लिव्हर कुलपांच्या, म्हणजे चब ज्यांसाठी नावाजला होता त्याच घराण्यातली आहे. चकत्यांचे मोटरसायकलचे कुलूप हे त्यामानाने येलच्या कुलपाचे स्वस्तातले धाकटे भावंड म्हणता येईल.

आता मोटरसायकलकडे वळू. डाइमलर आणि मायबाख यांनी १८८५ साली जर्मनीत लाकडी सांगाड्याची पहिली पेट्रोलवर चालणारी दुचाकी बनवली. १८९४पासून म्युनिकच्या हिल्डेब्रांट आणि वोल्फम्युलर यांनी ती विक्रीसाठी तयार केली. या गाड्यांना किल्ली नव्हतीच. तिची गरजही फारशी भासली नसावी, कारण गाडी सुरू करणे हीच एक विद्या होती.

पुढे किल्ली आली तरी तिच्या कामात एक मजेदार उलटेपणा होता. दिव्याचे बटन दाबले की मंडल पूर्ण होते आणि दिवा लागतो. पण मॅग्नेटोच्या गाडीत ठिणगीसाठीची वीज चुंबकाच्या फिरण्यातूनच तयार होते, बॅटरी लागत नाही. इंजिन बंद करायचे तर ही वीज ठिणगीऐवजी सांगाड्यात सोडून द्यावी लागते. म्हणजे इथे मंडल पूर्ण झाले की इंजिन थांबते आणि तुटले की चालू राहते! अशा रचनेत किल्लीच्या बटनाची तार तुटणे याचा अर्थ मालकाने किल्ली फिरवणे असाच होतो. त्यामुळे कुलपातल्या चकत्यांचा गुणाकार कितीही मोठा असो, चोराला त्याच्याशी देणेघेणेच उरत नव्हते. जुन्या गाड्यांचे मालक प्लगची टोपी काढून खिशात घालत, पेट्रोलचा कॉक बंद करत. त्यांच्या या सवयी अडाणीपणाच्या मुळीच नव्हत्या. गाडी अर्ध्या फर्लांगावर बंद पडली की भुरटा चोर ती टाकून पळे.

इंजिनापेक्षा हँडल अडवावे, ही पुढची पायरी. हँडलचे कुलूप म्हणजे एक छोटी पोलादी खिट्टी. ती पुढे सरकून हँडल एका बाजूला वळलेले ठेवते, मग गाडी ढकलत न्यायची तरी ती गोल गोल फिरते. कल्पना उत्तम. पण तरफेचा हिशेब करून पाहू. हँडलची मूठ फिरण्याच्या अक्षापासून सुमारे ३५ सेंटिमीटर दूर असते आणि खिट्टी अक्षापासून समजा ३ सेंटिमीटरवर. मुठीवर ४० किलोग्रॅम वजनाइतका जोर दिला तर खिट्टीवर येणारा जोर ४० × ३५ ÷ ३, म्हणजे पावणेपाचशे किलोग्रॅमच्या जवळपास. हिसका दिला तर त्याहूनही अधिक. खिट्टी पोलादाची असली तरी ती जिच्यात बसते ती कुलपाची कवची बहुधा जस्ताच्या मिश्रधातूची ओतीव असते. आठवीतल्या विद्यार्थ्याला हा हिशेब दिला तर दुबळी जागा कोणती हे तोही सांगेल.

तरीही हँडलचे कुलूप निरुपयोगी आहे असे मात्र समजू नये. पश्चिम जर्मनीने १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला मोटारींच्या बाबतीत स्टिअरिंगचे कुलूप सक्तीचे केले, आणि तेही नव्या-जुन्या सर्वच गाड्यांना. मोटारींच्या चोऱ्या झपाट्याने घसरल्या. ब्रिटनने १९७१ पासून तेच केले, पण फक्त नव्या गाड्यांना. तिथे नव्या गाड्यांच्या चोऱ्या कमी झाल्या आणि चोर जुन्या गाड्यांकडे वळले. म्हणजे एकट्याचे कुलूप आपले संकट शेजाऱ्याकडे पाठवते, सगळ्यांचे कुलूप चोरीच कमी करते. समाजशास्त्र शिकवणाऱ्या शिक्षकांनी या दोन देशांची तुलना जरूर मांडावी.

हँडलनंतर साखळी. इथे प्रश्न धातुशास्त्राचा येतो. कापणारे पाते साखळीपेक्षा कठीण असले पाहिजे, म्हणून साखळी कठीण करावी. पण आपला लोहार जाणतो की पाणी देऊन फार कडक केलेले पोलाद ठिसूळ होते आणि घणाखाली तडकते. यावर तोड अशी की कडी आतून चिवट ठेवायची आणि फक्त तिच्या पृष्ठभागात कार्बन मुरवून तो कठीण करायचा. चांगल्या साखळीचे वजन आणि किंमत यातून येते. ती लावण्याचीही रीत आहे. फक्त चाकातून ओवलेली साखळी चाकच सांभाळते, म्हणून ती सांगाड्यातून घेऊन जमिनीत पक्क्या बसवलेल्या एखाद्या कडीला किंवा खांबाला अडकवावी. तिचे वेटोळे जमिनीवर लोळू देऊ नये. जमीन म्हणजे चोराला आयती ऐरण. घरी हे सहज जमते. बाजारात खांब मिळत नाही, तिथे पुढच्या डिस्कला अडकवायचे कुलूप उपयोगी पडते, पण गाडी उचलून टेम्पोत टाकणाऱ्यांपुढे त्याचा इलाज चालत नाही. शिवाय बॅटरीवर चालणाऱ्या आजच्या ग्राइंडरपुढे कोणतीही साखळी फार वेळ टिकत नाही. साखळी विकत घेताना आपण खरे म्हणजे काही मिनिटे आणि पुष्कळसा आवाज विकत घेतो. तो ऐकायला जवळपास कोणी नसेल तर तीही खरेदी वाया जाते. म्हणून अंधाऱ्या कोपऱ्यापेक्षा चहाच्या टपरीसमोरची जागा बरी.

गाडी गेलीच तर? थोडे विषयांतर करून एक गोष्ट सांगतो, कारण पदार्थविज्ञानाच्या शिक्षकांना ती आवडेल. मोटरसायकलच्या सांगाड्यावर, बहुधा हँडलच्या बुंध्याशी, तिचा क्रमांक ठोकलेला असतो. चोर तो कानशीने घासून टाकतात. पृष्ठभाग गुळगुळीत होतो, पण क्रमांक पुरता जात नाही. ठसा ठोकताना खाचेच्या खालच्या धातूतली स्फटिकांची मांडणीही दबून बिघडलेली असते. तांब्याची तार एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकवली की तिथे ती कडक होते, तसाच हा प्रकार. अशा बिघडलेल्या भागावर आम्लाची क्रिया आजूबाजूच्या धातूपेक्षा वेगळ्या वेगाने होते. न्यायवैद्यक प्रयोगशाळेत पोलादावर क्युप्रिक क्लोराइड आणि हायड्रोक्लोरिक आम्ल यांचे द्रावण पुसत राहिले की घासलेले आकडे पुसटसे पुन्हा उमटतात. हा प्रयोग शाळेत करू नये. आपल्या गाडीचा सांगाड्याचा आणि इंजिनाचा क्रमांक मात्र गाडीच्या कागदांखेरीज घरी वेगळा लिहून ठेवावा. नंबरप्लेट बदलायला दोन मिनिटे पुरत, म्हणून भारतात १ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांना होलोग्रामची, लेसरने कोरलेल्या क्रमांकाची आणि एकदा बसवली की न तोडता न निघणारी पाटी सक्तीची झाली. जुन्या गाड्यांना ती लावून घेण्यासाठी २०२५ मध्ये महाराष्ट्रात मुदतीवर मुदत द्यावी लागली, ते वाचकांना आठवत असेलच.

मोटरसायकलच्या चोरीला सर्वांत मोठा आळा कोणत्या कुलपाने घातला, असे कोणी विचारले तर मी उत्तर देईन: हेल्मेटने! पश्चिम जर्मनीत हेल्मेट सक्तीचे होतेच, पण ते न घालणाऱ्याला जागच्या जागी दंड करायला सुरुवात झाली १९८० साली. त्या वर्षी तिथे सुमारे दीड लाख मोटरसायकली चोरीला गेल्या होत्या. १९८६ मध्ये हा आकडा ५४ हजारांच्या आसपास आला. रोनाल्ड क्लार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली या आकड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कारण उघड आहे. पुष्कळशा चोऱ्या ठरवून होत नसत. संधी दिसली की पोरेटोरे गाडी पळवत, आणि अशा वेळी जवळ हेल्मेट कुठून असणार? बोडक्या डोक्याचा स्वार पहिल्याच चौकात अडवला जाई. या चोरांनी मग मोटारी किंवा सायकली पळवल्या का, हेही त्यांनी तपासले. मोटारींच्या चोऱ्या थोड्या वाढल्या होत्या, पण मोटरसायकलींच्या चोऱ्यांत झालेल्या घटीपुढे ती वाढ किरकोळ होती. डोके वाचवायला केलेल्या कायद्याने गाड्या वाचवल्या. पुण्यात हेल्मेटसक्तीविरुद्ध जेव्हा जेव्हा मोर्चे निघाले, तेव्हा हा मुद्दा कोणी मांडल्याचे माझ्या तरी वाचनात आलेले नाही.

गेल्या तीसेक वर्षांत किल्लीच्या प्लॅस्टिकच्या डोक्यात एक इवलीशी चिप आली. मोटारींपासून सुरू झालेली ही व्यवस्था महागड्या मोटरसायकलींतही आहे. चिपला बॅटरी नसते. कुलपाभोवती तारेचे वेटोळे असते आणि त्यातून बदलता प्रवाह सोडला की फॅरडेने १८३१ मध्ये दाखवलेल्या विद्युतचुंबकीय प्रवर्तनाने चिपला तेवढ्यापुरती वीज मिळते. मग गाडीतला छोटा संगणक तिला एक आकडा पाठवतो. चिप आपल्या पोटातला गुप्त आकडा वापरून त्याचे उत्तर काढते. उत्तर जुळले तरच पेट्रोल आणि ठिणगी सुरू होते. दर वेळी प्रश्न वेगळा, त्यामुळे कालचे उत्तर चोरून ऐकले तरी आज उपयोग नाही. पितळी दात्यांच्या जागी गणित आले, पण हिशेब जुनाच आहे. गुप्त आकडा किती मोठा, यावर सारे अवलंबून.

अशा एका प्रचलित चिपमधला गुप्त आकडा ४० बिटांचा होता. म्हणजे शक्यता किती? दोनचा चाळिसावा घात: १,०९,९५१ कोटींहून थोड्या अधिक. २००५ साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या आणि आरएसए या कंपनीच्या संशोधकांनी या चिपची गुप्त गणिती रीत आधी शोधून काढली आणि मग समांतर चालणाऱ्या १६ चिपांच्या साहाय्याने गुप्त आकडा तासाभराच्या आत हुडकला. इथे कोणतीही हातचलाखी नव्हती. गुणाकारच आजच्या यंत्रांना अपुरा पडला. ऑगस्ट कर्कहॉफ्स या डच भाषातज्ज्ञाने लष्करी गुप्तलेखनावर १८८३ साली लिहिताना एक कसोटी सांगितली होती. यंत्रणा शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये, गुपित फक्त किल्लीत असावे. चिप बनवणाऱ्यांनी रीतच लपवली होती, आणि ती उघडी पडल्यावर मागे लहानशी किल्ली तेवढी उरली.

यानंतर मोटारींत फार मोठ्या प्रमाणावर वापरल्या जाणाऱ्या मेगामॉस या चिपची पाळी आली. तिचा गुप्त आकडा ९६ बिटांचा. ही संख्या लिहायला २९ अंक लागतात आणि तितक्या शक्यता तपासणे कोणत्याही यंत्राला जमणारे नाही. ब्रिटनमधल्या बर्मिंगहॅम विद्यापीठातले फ्लाव्हिओ गार्सिया आणि नेदरलँड्समधले त्यांचे दोन सहकारी यांनी तिच्यातल्या त्रुटी शोधल्या, चिप बनवणाऱ्याला कित्येक महिने आधी कळवले आणि २०१३ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या एका परिषदेत निबंध वाचायचे ठरवले. फोक्सवॅगन कंपनी लंडनच्या उच्च न्यायालयात गेली. हॉब्जवर झालेला आरोपच १६२ वर्षांनी पुन्हा, त्याच शहरात, न्यायाधीशांपुढे आला: हे छापले तर चोरांना शिकवल्यासारखे होईल. या वेळी न्यायालयाने प्रकाशनाला मनाई केली. दोन वर्षांच्या वाटाघाटींनंतर, २०१५ च्या ऑगस्टमध्ये, निबंध प्रसिद्ध झाला तो त्यातले एक वाक्य वगळून.

त्या निबंधातल्या एका पद्धतीचा हिशेब पाहण्यासारखा आहे. गुप्त आकडा चिपमध्ये एकसंध लिहिला जात नसे. तो १६-१६ बिटांच्या तुकड्यांनी लिहिला जाई आणि एकेका तुकड्याला वेगळे हाताळता येत असे. त्यामुळे दोनच्या ९६ व्या घाताइतक्या प्रयत्नांची गरजच उरली नाही. दोनचा सोळावा घात म्हणजे ६५,५३६. ६५,५३६ अधिक ६५,५३६ अधिक ६५,५३६, एकूण १,९६,६०८ प्रयत्न पुरले. पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळ्या कामाला लागला अर्धा तास. हॉब्जला चबच्या कुलपापुढे लागली होती २५ मिनिटे.